ती असं करणारच नाही

सदर छापून आलं की दोन-तीन दिवसांत फोन यायला लागतात. बोलणारा माणूस बदलतो, वाक्य बहुधा तेच असतं: "ताई, तुम्ही लिहिलंय ते सगळं ठीक, पण ती असं करणारच नाही." ही 'ती' कोण, हे विचारावं लागत नाही. कधी ती देशमुखांची अरुंधती असते, कधी नागपूरची राधिका, कधी 'ईस्टएंडर्स'मधली झैनब मसूद. बोलणाऱ्याचा सूर असा, की नात्यातल्या कुणाबद्दल गैरसमज पसरलाय आणि तो वेळीच दूर केला पाहिजे.

लंडनमधल्या मराठी मंडळींसाठी निघणाऱ्या एका त्रैमासिकात मी बरीच वर्षं दूरचित्रवाणीवर लिहिते आहे. एका अंकात इथली मालिका, पुढच्या अंकात तिकडची, असा क्रम मी पहिल्यापासून ठेवला, कारण माझ्या वाचकांच्या घरात दोन्ही एकाच पडद्यावर चालतात. भारतातली संध्याकाळची साडेसात म्हणजे इथे हिवाळ्यात दुपारचे दोन. तेव्हा आजी मराठी मालिका बघतात. रात्री मुलगा किंवा सून इथलं काहीतरी लावते, आणि आजी तिथेच बसलेल्या असतात. वाचक एजवेअर, स्टॅनमोर, कोलिंडेल, किंग्जबरी, हॅरो या पट्ट्यातले. साठ-सत्तरच्या दशकांत आलेले डॉक्टर आणि नर्सेस, नंतर आलेले आयटीवाले, आणि सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे आलेले आईवडील. या शेवटच्या मंडळींची पत्रं सगळ्यात लांब असतात. त्यांच्या हाताशी वेळ असतो हे खरं, पण परक्या गावात रोज भेटणारी ओळखीची माणसं त्यांना पडद्यावरच सापडतात, हे त्याहून खरं.

कथानक फसलं तर प्रेक्षक कुरकुरतात आणि बघत राहतात. स्मृती गेलेला नायक, ऐन मांडवात फुटणारं गुपित, पाच वर्षांचा लीप, सगळं खपवून घेतात. स्वभाव मोडला की मात्र दुखावतात. म्हणून 'ती असं करणारच नाही' या वाक्याला मी समीक्षेतलं सर्वांत गंभीर विधान मानते. ते म्हणणाऱ्याने त्या पात्राची चार-पाच वर्षं मनात सांभाळलेली असतात, पुष्कळदा लिहिणाऱ्यांपेक्षाही नीट. त्या वाक्याची शहानिशा करणं हे माझं काम. कशावरून म्हणता? याआधी असा प्रसंग आला तेव्हा ती कशी वागली होती? फोनवर मी एवढंच विचारते, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

या कामाला एजवेअर ही सोयीची जागा आहे. नॉर्दर्न लाइनचं हे शेवटचं स्टेशन, १९२४ साली उघडलेलं. इथून १०७ नंबरची बस धरली की ती एल्स्ट्रीवरून बोअरहॅमवुडला जाते, आणि तिथे बीबीसीच्या आवारात अल्बर्ट स्क्वेअर उभा आहे. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी सुरू झालेल्या 'ईस्टएंडर्स'चं पूर्व लंडन प्रत्यक्षात आमच्या उत्तरेला, बसच्या अंतरावर आहे. एका वाचक काकांच्या आग्रहाखातर मी त्यांना एकदा घेऊन गेले होते. आत सोडत नाहीत, बाहेरून कुंपण तेवढं दिसतं. काका तरी खूश होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी डॉट कॉटनविषयी जे सांगितलं, त्याकडे येतेच.

पूर्वेला अलेक्झांड्रा पॅलेस. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी दूरचित्रवाणीचं नियमित प्रक्षेपण सुरू केलं ते तिथून. आणि दोन स्टेशनं दक्षिणेला कोलिंडेल. तिथल्या ट्यूब स्टेशनासमोर २०१३ पर्यंत ब्रिटिश लायब्ररीचं वर्तमानपत्रांचं ग्रंथालय होतं. माझं समीक्षेचं शिक्षण झालं असेल तर ते त्या वाचनकक्षात. १९७२ ते १९८२ या काळात क्लाइव्ह जेम्स 'ऑब्झर्व्हर'मध्ये दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर लिहीत होते, आणि 'गार्डियन'मध्ये नॅन्सी बँक्स-स्मिथ. दोघांचे लेख मी तिथे बसून वर्षामागून वर्ष वाचले. त्या काळातल्या बहुतेक वर्षांत घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते. काल रात्री लागलेला भाग चुकला म्हणजे चुकला, आणि पाहिला असला तरी पुन्हा बघायची सोय नाही. समीक्षकाचा लेख म्हणजे त्या भागाची वाचकाला मिळणारी दुसरी भेट. त्यामुळे या दोघांच्या लेखनात निकालापेक्षा निरीक्षण जास्त. कोण कसं बसलं, कोणत्या वाक्यावर कोणी नजर चुकवली, हे आधी. बँक्स-स्मिथबाईंनी 'कोरोनेशन स्ट्रीट'सारख्या रोजच्या मालिकेकडे कधी नाक मुरडून पाहिलं नाही. रोज लाखो माणसं जिच्याकडे बघतात तिच्याकडे समीक्षकानेही नीट बघावं, एवढी साधी निष्ठा.

ही निष्ठा मला मराठीत हवी होती. आपल्याकडे मालिकांवर लिहिताना टवाळीचा सूर चटकन लागतो. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं गरोदरपण लांबलं तेव्हा महाराष्ट्रभर विनोद फिरले. मला त्या विनोदांच्या मुळाशी असलेली गोष्ट मोलाची वाटली: माणसं महिने मोजत होती. जान्हवीचं आयुष्य त्यांनी आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर मांडलं होतं आणि लेखकांनीही त्याच दिनदर्शिकेने चालावं, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. प्रेक्षकाचा यापेक्षा मोठा विश्वास कोणता?

मग हा विश्वास मोडतो कुठे? मालिकेची श्रेयनामावली सावकाश वाचली तर उत्तराचा एक भाग तिथेच मिळतो. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. त्यात आठवड्यातून सहा भाग. एपिसोडची बँक नावाचा प्रकार असतो, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. ती बँक आटली की आज लिहिलेलं उद्या चित्रित होतं आणि परवा दिसतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. एखादा ट्रॅक चालेनासा झाला की वाहिनी तो गुंडाळायला सांगते, आणि महिनाभर एका दिशेने निघालेलं पात्र सोमवारी तोंड फिरवतं. 'ईस्टएंडर्स'चे भाग बरेच आठवडे आधी चित्रित होतात, कथानकं महिनोन्‌महिने आधी ठरतात, आणि पात्राचा मागचा इतिहास तपासायला स्क्रिप्ट एडिटर असतात. तिथेही स्वभाव मोडतात, पण मोडायला वेळ लागतो. हे मी सदरात सविस्तर लिहिलं तेव्हा एका आजोबांनी कळवलं की आता त्यांचा अभिनेत्रीवरचा राग गेला, आणि तो कोणावर काढायचा तेवढं सांगा.

राग कोणावर काढायचा ते मला सांगता येत नाही. कुठला प्रसंग स्वभावाला धरून आहे आणि कुठला नाही, ते मात्र एकत्र बसून ठरवता येतं. दर अंकानंतर आम्ही आठ-दहा जण कोणाच्या तरी घरी जमतो. सर्वांत जास्त वाद झाला तो 'आई कुठे काय करते!'वर. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली अरुंधती, तिचा नवरा अनिरुद्ध, त्याचं संजनाशी असलेलं प्रकरण, मग घटस्फोट. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती आमच्याकडे घराघरांत पोचली होती.

वाद असा: घटस्फोटानंतर अरुंधती देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात पुन्हा पुन्हा का जाते? कोलिंडेलला राहणारी एक तरुण वाचक व्यवसायाने वकील आहे, घटस्फोटाचीच प्रकरणं बघते. तिचं म्हणणं ठाम होतं. "इतकं सोसून बाहेर पडलेली बाई त्या घराच्या उंबऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी राहणार नाही. ती असं करणारच नाही." स्टॅनमोरच्या मावशी तितक्याच ठाम. "ती जाणार. अप्पांसाठी जाणार. नवरा सोडता येतो गं, सासरे कसे सोडायचे?"

मी दोघींना प्रसंग मागितले. मावशींनी एकामागून एक सांगितले, वकीलबाईंनी ते खोडायचा प्रयत्न केला, आणि त्या ओढाताणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली, जी मी एकटीने पाहून मला दिसली नसती. अरुंधती हुकूम सोडणाऱ्याला नाही म्हणायला शिकली. न मागणाऱ्याला नाही म्हणायला ती शिकली नाही. अनिरुद्ध हुकूम सोडतो, अप्पा काही मागत नाहीत. म्हणजे अप्पांच्या ओढीने ती त्या घरी जाते तेव्हा मावशींचं खरं. आणि कांचन सासूबाई तोडून बोलत असताना ती पूर्वीसारखीच मान खाली घालते, तेव्हा वकीलबाईंचं खरं, कारण तिथे मधल्या वर्षांत तिने कमावलेलं सगळं लिहिणाऱ्यांनी पुसून टाकलेलं असतं. एकच घर, एकच दुपार, आणि एका दृश्यात ती खरी तर दुसऱ्यात खोटी. मी सदर तसंच लिहिलं, दृश्यं शेजारी शेजारी ठेवून.

पात्रांविषयी बोलताना माणसं खरं तर स्वतःविषयीच बोलत असतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मावशींच्या घरी काय घडलं हे मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्या अरुंधतीविषयी बोलत होत्या. त्यांच्या वाक्यामागे त्यांचं आयुष्य असणारच, पण ते त्यांनी पुरावा म्हणून वापरलं, विषय म्हणून नाही. समीक्षकही यापेक्षा वेगळं काय करतो? वाचकाच्या मताचं मानसशास्त्र करत बसणं म्हणजे त्याचं मत ऐकायचं टाळणं.

या बैठकांत नजरा फार तयार असतात. एजवेअरच्या स्टेशन रोडजवळ राहणाऱ्या एक निवृत्त नर्स आहेत, मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलात शिकून आलेल्या. मी त्यांना सिस्टर म्हणते. त्यांच्याकडे दुपारी मालिका बघायला बसलं की शिकायला मिळतं. एकदा त्यांनी रिमोटने दृश्य थांबवलं आणि मला म्हणाल्या, "हात बघ तिचा." पडद्यावर सासूबाई चहा पीत होत्या. कप ओठांना लावला, खाली ठेवला, बोलल्या, पुन्हा उचलला. "कप रिकामा आहे. भरलेला कप उचलताना मनगट आधी खाली जातं, मग वर येतं. हिचं थेट वर जातं." मग त्यांनी इथली एक मालिका लावून दाखवली. कपाचा रंग वेगळा, मनगट तसंच. रुग्णालयाच्या दृश्यांत तर त्या सलाइनच्या नळीवरून नजर हलवत नाहीत. ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस तो बाजूला करून पाच मिनिटं वारसाहक्कावर बोलतो, तेव्हा त्या काही म्हणत नाहीत, फक्त उठून स्वयंपाकघरात जातात. त्यांच्यामुळे मी नटांच्या हातांकडे बघायला शिकले. 'आभाळमाया'तल्या सुकन्या कुलकर्णींच्या सुधा जोशीचे जुने भाग पुन्हा पाहिले तेव्हा ध्यानात आलं, की सुधा शिकवून घरी येते तेव्हा पिशवी टाकायची तिची पद्धत तिच्या मनःस्थितीप्रमाणे बदलते. १९९९ मध्ये आम्ही ते पाहिलं होतं, पण नोंदवलं नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे मुंबईतली चित्रीकरणं बंद झाली. एपिसोडच्या बँका आटल्या आणि वाहिन्यांनी जुने भाग दाखवायला घेतले. जूनच्या मध्यावर 'ईस्टएंडर्स'चाही साठा संपला आणि मालिका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिचं प्रक्षेपण थांबलं. ते सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं. इथे सत्तरीपुढच्या लोकांना घरात राहायला सांगितलं होतं. सदर छापायचा प्रश्नच नव्हता, फोन मात्र थांबले नाहीत. नवं काही घडत नव्हतं म्हणून आम्ही जुन्या माणसांविषयी बोलायचो: चिमणराव आणि गुंड्याभाऊ, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा, 'वादळवाट'मधली रमा चौधरी. दिलीप प्रभावळकर चिमणराव म्हणून तरुणपणी आणि आबा म्हणून मध्यमवयात एकाच वाचकाच्या आयुष्यात दोनदा कसे आले, यावर एका काकांशी मी तासभर बोलले असेन.

मग भारतात चित्रीकरण पुन्हा सुरू झालं, पण महाराष्ट्र सरकारच्या नियमानुसार पासष्टीवरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मधल्या काळात मालिकांच्या दिवाणखान्यातल्या ज्येष्ठांच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. कोणी गावाला गेल्याचं सांगितलं जाई, कोणी फोनवर भेटे. इथे माझ्या वाचक आजी खिडकीतून नातवंडांना हात करत होत्या आणि त्यांच्या रोजच्या मालिकेतूनही त्यांच्या वयाची माणसं नाहीशी झाली होती. त्या दिवसांत मला आलेल्या फोनांमध्ये कथानकाविषयी एकही तक्रार नव्हती. सगळे एकच विचारत: ते परत कधी येणार? तुम्हाला काही कळलं का? मी बातम्या वाचून सांगत असे. न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी मीच होऊन सगळ्यांना फोन केले. समीक्षकाच्या कामाची व्याख्या कोणी काहीही करो, तो दिवस मी माझ्या कामातच धरते.

आता डॉट. जून ब्राउन या अभिनेत्रीने १९८५ पासून रंगवलेली डॉट कॉटन ही हातात सिगरेट, तोंडी बायबल अशी धोबीखान्यातली बाई. ३१ जानेवारी २००८ च्या अर्ध्या तासाच्या भागात ती एकटीच आहे. नवरा जिम पक्षाघाताने रुग्णालयात. डॉट घरात बसून त्याच्यासाठी टेपरेकॉर्डरवर बोलते. त्याला घरी आणून सांभाळणं आपल्याला झेपेल का, हे तिला त्याला सांगायचं आहे आणि तोंडावर सांगवत नाही. दुसरं पात्र नाही. ऐंशी वर्षांची अभिनेत्री, एक खोली, एक यंत्र.

बोअरहॅमवुडहून परतताना काका याच भागाविषयी बोलत होते. सत्तरच्या दशकात फोन महाग होता, पत्र लिहायला त्यांच्या आईला येत नव्हतं. म्हणून ते कॅसेट भरून मिरजेला पाठवायचे आणि आईची भरलेली कॅसेट टपालाने परत यायची. "डॉट मध्येच थांबते ना, आणि टेप फिरतच राहते," काका म्हणाले, "ते लिहिणाऱ्याला माहीत होतं, किंवा बाईला माहीत होतं. कॅसेटवर बोलताना तुम्ही समोरच्याच्या उत्तराला जागा सोडता. माझ्या आईच्या कॅसेटमध्ये अशा जागा असायच्या. ती विचारायची, जेवलास का? आणि थांबायची. मी इथे बसून त्या जागेत उत्तर द्यायचो." मी तो भाग अनेकदा पाहिला होता आणि त्यातल्या शांततेला अभिनयाची लय समजत होते. काकांनी तिचा उपयोग सांगितला. जून ब्राउन एप्रिल २०२२ मध्ये गेल्या आणि त्या डिसेंबरात मालिकेने डॉटला निरोप दिला. त्या अंकातलं सदर मी बव्हंशी काकांच्या शब्दांत लिहिलं, त्यांच्या परवानगीने.

खोटं पात्र कसं ओळखावं, हेही मला वाचकानेच नेमकं सांगितलं. 'ईस्टएंडर्स'मध्ये २००३ साली फरेरा नावाचं भारतीय कुटुंब आलं. वडील डॅन, मुलं आदी, रॉनी, करीना. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी त्यांना नाकारलं. डॅनचं काम करणाऱ्या दलिप ताहिल यांना कामाच्या परवान्याच्या अडचणीमुळे मालिका सोडावी लागली, आणि २००५ उजाडताना कुटुंबच दिसेनासं झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'अवास्तव' म्हणून विषय संपवला. माझे वसईचे एक वाचक आहेत, ख्रिस्ती, मराठी साहित्याचं वाचन दांडगं. त्यांनी मला त्यावर पत्र लिहिलं. त्यांच्या पत्रात फक्त प्रश्न होते. फरेरा कोणत्या गावचे? कोणत्या चर्चचे? घरात कोंकणी बोलतात की आमची सामवेदी की इंग्रजी? नाताळला काय करतात? मासळी कोण आणतं? आदी आणि रॉनी ही नावं एका घरात कोणी ठेवली, आजोबांनी की आईने, आणि त्यावरून भांडण झालं का? "यातला एकही प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला असता, तर उरलेल्यांची उत्तरं आपोआप मिळाली असती," असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

ते पत्र मी अजून वापरते. २००७ मध्ये त्याच चौकात मसूद कुटुंब आलं तेव्हा मी वसईकरांचे प्रश्न लावून बघितले आणि झैनबजवळ बहुतेकांची उत्तरं होती. मुंबईत जन्मलेल्या नीना वाडियांनी ती उभी केली. पोस्टाच्या खिडकीमागची, जिभेला धार असलेली, लोक काय म्हणतील या धाकाखाली जगणारी. मुलगा सय्यदचं ख्रिश्चन नावाच्या पुरुषावर प्रेम आहे हे कळल्यावर ती जे वागली ते बघून माझ्या वाचकांतल्या कित्येकींना चीड आली, पण तिचं वागणं खोटं आहे असं एकीनेही म्हटलं नाही. चीड आणि अविश्वास यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका मसाले करता करता मोठ्या कंपनीची मालकीण झाली, तेही अनेकांनी आनंदाने मान्य केलं. हॅरोच्या नागपूरकर वाचकांचा आक्षेप तिच्या वऱ्हाडीला होता, यशाला नव्हे.

गेल्या काही बैठकांत एक नवं काम निघालं आहे. इथल्या मालिकांत पंजाबी आले, गुजराती आले, पाकिस्तानी, बांगलादेशी आले. 'ईस्टएंडर्स'मध्ये आता सुकी पनेसर आहे. मराठी माणूस त्या चौकात कधी राहायला आलेला आमच्या कोणाच्या आठवणीत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. एजवेअरहून ३२ नंबरच्या बसने गेलं की मंडळाचं डॉलिस हिलचं घर फार लांब नाही. म्हणजे या शहरात आपण कालपरवा आलेलो नाही. मग आम्हीच ती बाई लिहायला घेतली. वसईकरांचे प्रश्न समोर ठेवून.

गाव मिरज ठरलं, सिस्टरांच्या आग्रहाने. पेशा नर्स, आता निवृत्त. आडनावावर दोन बैठका गेल्या. कुलकर्णी नको, यावर एकमत झालं, कारण मालिकांतल्या बाया बहुतेक त्याच दोन-तीन आडनावांच्या असतात. शेवटी कांबळे ठरलं, आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ज्या घरांतल्या मुली पहिल्यांदा शिकल्या त्यांची गोष्ट सिस्टरांनी सविस्तर सांगितली. बाजारात ती भाजी निवडून घेते, त्यावरून मंडईवाल्याशी रोज वाजतं. धोबीखान्यात ती डॉटला भेटली असती तर दोघींचं जमलं असतं का, यावर काका आणि मावशी अजून भांडतात. काकांच्या मते पहिल्याच दिवशी बायबलवरून गट्टी. मावशींच्या मते मिरजेची बाई सिगरेटचा धूर सहन करणार नाही, ती खिडकी उघडायला सांगेल, आणि डॉट उघडणार नाही. वकीलबाईंनी विचारलं, कांबळे सिस्टरांचा नवरा कुठे आहे? त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. पुढची बैठक तेवढ्यासाठी ठेवली आहे, माझ्याकडे, आणि वसईकर काकांनी कळवलंय की येताना ते तिच्या सासरच्या गावाचा नकाशा घेऊन येतील.